एफआयव्हीवालं मांजर घरात आहे, आता काय करायचं

आमचा बंड्या म्हणजे फाटका कान, नारळाएवढं डोकं आणि गालावर हे एवढं गळू, असा एक दिवस जिन्यात येऊन बसला आणि परत गेलाच नाही. गळू साफ करताना व्हेटने सहज म्हणून एफआयव्हीची, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करणाऱ्या विषाणूची टेस्ट लावली, किटवर नको तिथे खूण उमटली आणि पुढची दहा मिनिटं माझ्या डोक्यात फक्त "मांजरांचा एड्स" एवढंच वाजत होतं. बाहेर बसलेल्या एका अनुभवी माणसाने तर तिथेच सल्ला दिला, झोपवून टाका हो, कशाला हाल. त्याला आता सहा वर्षं झाली. मी हे टाइप करतेय आणि बंड्या माझ्या मनगटावर मागचा पाय टाकून घोरतोय.

तर ज्यांच्या हातात आत्ताच तो रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी लिहितेय. विषाणू एकदा शिरला की शरीरातून जात नाही, त्याला हाकलायच्या मागे लागू नका आणि कोणी हाकलून देतो म्हणालं तर त्याच्याही नादी लागू नका. आपल्याला सांभाळायच्या गोष्टी तीनच, तोंड, वजन आणि दार. माझं सगळं शहाणपण एवढंच आहे, बाकी खाली लिहिलंय ते त्याच्यावरचे तपशील.

पण आधी रिपोर्ट खरा आहे का ते बघा. दवाखान्यात जी झटपट टेस्ट होते ती बहुतेक वेळा विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. त्यामुळे तीन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे पिल्लं. आई पॉझिटिव्ह असेल तर तिच्या दुधातून पिल्लाला अँटिबॉडी मिळतात आणि पिल्लू पॉझिटिव्ह दिसतं, खरं तर बहुतेक पिल्लांना लागण झालेलीच नसते. म्हणून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू पॉझिटिव्ह आलं तर रडारड करू नका, सहा महिन्यांनंतर पुन्हा टेस्ट करा. दुसरं म्हणजे लस. एफआयव्हीची लस २००२ मध्ये अमेरिकेत आली होती, नंतर अमेरिकेत आणि कॅनडात ती बंद झाली, पण लस घेतलेलं मांजर टेस्टमध्ये पॉझिटिव्ह दिसू शकतं, तेव्हा परदेशातून आलेलं किंवा कोणाकडून दत्तक घेतलेलं मांजर असेल तर आधीच्या मालकाला विचारा. आणि तिसरं याच्या उलटं, कालच मारामारी करून आलेल्या बोक्याची टेस्ट आज निगेटिव्ह आली याला काही अर्थ नाही, अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, साधारण दोन महिन्यांनी परत करायची. शंका असेल तर व्हेट वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीचीच, पण वेगळ्या पद्धतीने केलेली टेस्ट) किंवा पीसीआर (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट) सांगतात. पीसीआरलाही देववाणी समजू नका, तीसुद्धा कधीकधी चुकवते, एका निगेटिव्ह पीसीआरवर पेढे वाटू नका.

त्याच किटवर बहुतेक वेळा अजून एक नाव असतं, एफईएलव्ही, म्हणजे मांजरांचा ल्युकेमिया विषाणू. हे दोन वेगळे विषाणू आहेत, लोक सर्रास गल्लत करतात. एफईएलव्ही चाटण्यातून, एकाच भांड्यातून, रोजच्या लाडीगोडीतूनही पसरतो आणि सहसा जास्त लवकर मांजराला खाली आणतो. तुमच्या रिपोर्टवर नक्की कुठलं नाव आहे ते नीट वाचा, कारण खाली मी जे जे बिनधास्त सांगतेय ते फक्त एफआयव्हीला लागू आहे.

आता हा विषाणू आहे तरी काय. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात एका मांजरांच्या घोळक्यात एकामागून एक मांजरं आजारी पडत होती, त्यांच्यातून नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोतो यांनी हा विषाणू वेगळा काढला. एचआयव्हीचा तो चुलतभाऊ, दोघंही लेंटिव्हायरस, आणि लेंटस म्हणजे लॅटिनमध्ये मंद. हा मंदपणाच आपल्या कामाचा आहे. लागण झाल्यावर थोडे दिवस ताप येतो, गाठी सुजतात, बऱ्याचदा कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग मांजर वर्षानुवर्षं अगदी धडधाकट राहू शकतं. काही मांजरं तर शेवटी म्हातारपणाने किंवा भलत्याच कारणाने जातात, एफआयव्हीने नाही. हळूहळू प्रतिकारशक्ती कमी होत जाते हे खरं, पण कधी आणि किती ते प्रत्येक मांजराचं वेगळं असतं, त्यामुळे "किती वर्षं जगेल" हा प्रश्न व्हेटला विचारून त्यांना अवघडवू नका.

माणसाला होतो का? नाही होत. कुत्र्यालाही नाही. बंड्याने मला दोनदा कडकडून चावलंय, त्या चाव्याची काळजी वेगळ्या कारणासाठी करायची, मांजराचा दात खोल जातो आणि आत पू होतो म्हणून लगेच साबणाने धुवून डॉक्टरकडे जायचं, एफआयव्हीसाठी नाही. "मांजरांचा एड्स" हे नाव ज्याने काढलं त्याच्यामुळे किती मांजरं फुकट मेली असतील असं मला नेहमी वाटतं.

घरात दुसरी मांजरं असतील तर?

हा विषाणू लाळेत असतो पण पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून, म्हणजे रस्त्यावरच्या बोक्यांच्या खऱ्याखुऱ्या मारामारीतून. म्हणूनच नसबंदी न झालेले, बाहेर फिरणारे, वयात आलेले बोके यात सगळ्यात जास्त सापडतात. एकाच वाडग्यातलं पाणी, एकमेकांना चाटणं, एकाच लिटर बॉक्समध्ये जाणं यातून लागण होण्याची शक्यता फार कमी. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकतही नाही, भांडी साध्या साबणाने घासली की झालं, घरभर जंतुनाशक ओतू नका, उलट काही जंतुनाशकं मांजरांनाच बाधतात, विशेषतः फिनॉलवाली. पाण्यात टाकली की दुधाळ पांढरी होतात तसली घरातून बाहेरच काढा.

तर प्रश्न एवढाच की तुमची मांजरं भांडतात का. फिस्कारणं, पंजा उगारणं, कपाटावरून रोखून बघणं याला भांडण म्हणत नाही, ते घरचं राजकारण आहे. केस उडणं, किंचाळणं, एकमेकांना विळखा घालून लोळणं, नंतर अंगावर जखम सापडणं, हे झालं तर मात्र वेगळं ठेवा. आमच्याकडे आधीपासून एक म्हातारी मांजर होती, निगेटिव्ह. बंड्याला मी पहिले पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवला, दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणं, मग पांघरुणांची अदलाबदल म्हणजे वासाची सवय व्हावी, मग जाळीतून दर्शन, मग माझ्या समोर दहा दहा मिनिटं. एकूण दीड महिना गेला. म्हातारीने त्याला एकदा नाकावर दिली आणि विषय संपला, आजपर्यंत तो तिच्या ताटाला तोंड लावत नाही. म्हातारीची टेस्ट मी दरवर्षी करते, अजून निगेटिव्ह आहे. लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा आणि जेवणाच्या जागा लांब लांब ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आणि नसबंदी. अजून झाली नसेल तर व्हेटला तब्येत दाखवून लवकरात लवकर करून घ्या. पॉझिटिव्ह मांजराला भूल देता येत नाही ही अफवा आहे, तब्येत बरी असेल आणि आधी रक्त तपासलं असेल तर देतात. नसबंदीने मारामारीची खुमखुमी कमी होते, बाहेर पळायची ओढ कमी होते आणि पिल्लांचा प्रश्नच उरत नाही.

दार

पॉझिटिव्ह मांजर घरातच राहणार, पूर्णवेळ. यात मी कोणाचं ऐकत नाही. एक तर ते बाहेर जाऊन दुसऱ्या मांजराला चावेल, आणि दुसरं म्हणजे, जे लोक विसरतात, बाहेरून ते स्वतः काहीतरी घेऊन येईल. ज्या सर्दीने दुसरं मांजर चार दिवसांत उड्या मारायला लागतं ती याला महिनाभर पुरते. रस्त्यावर वाढलेला बोका घरात राहतच नाही म्हणतात, राहतो, पण पहिले दोन महिने तुमची झोप खातो. बंड्या पहाटे चारला दारापाशी बसून अशी काही तान मारायचा की शेजारी विचारायला आले. उपाय काय तर झोपायच्या आधी पंधरा वीस मिनिटं दोरीच्या टोकाला पीस बांधून त्याला दमवायचं, लगेच पोटभर जेवण द्यायचं, आणि पहाटे उठून अजिबात, अजिबात प्रतिसाद द्यायचा नाही, एकदा उठलात की महिन्याची मेहनत पाण्यात. खिडक्यांना पक्की जाळी, खिडकीशी उंच बसायची जागा, नखं घासायला एक खांब. बाल्कनी असेल तर ती पूर्ण जाळीबंद.

पिसवा आणि गोचीड घरातल्या मांजरालाही होतात, आपल्या कपड्यांवरून येतात, आणि पिसवांचा संबंध रक्तातल्या एका जंतूशी लावतात, तो लाल पेशींवर बसून अशक्तपणा आणतो, एफआयव्हीवाल्याला हे परवडत नाही. औषध मात्र मांजरांचंच वापरा. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

तोंड

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आमची खरी लढाई इथेच झाली. एफआयव्हीवाल्या मांजरांत सगळ्यात जास्त त्रास कशाचा दिसत असेल तर हिरड्या आणि तोंडाच्या आतल्या सुजेचा. मांजर दुखणं लपवण्यात पटाईत, त्यामुळे ते ओरडून सांगणार नाही. बंड्याचं असं सुरू झालं की तो भूक लागल्यासारखा वाडग्याकडे धावायचा, एक घास घ्यायचा आणि वाडग्यावरच फिस्कारून पळून जायचा. मला वाटलं नवीन ब्रँड आवडला नाही, मी तीन ब्रँड बदलले, एक महिना असाच घालवला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग लक्षात आलं की तो मान वाकडी करून एकाच बाजूने चावतोय, दाणे खाली पडतायत, हनुवटी ओली असते, तोंडाला घाण वास येतोय, आणि अंग चाटणं बंद केल्यामुळे पाठीवरचे केस गुंतून राठ झालेत. ओठ वर करून बघितलं तर दाढांपाशी हिरड्या लालभडक.

तर आठवड्यातून एकदा ओठ वर करून बघा, दोन्ही बाजूंनी, मागच्या दाढांपर्यंत. निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते, दाताच्या कडेने लाल रेघ दिसली की फोटो काढून ठेवा आणि व्हेटला दाखवा. ब्रश करायची सवय लागली तर सोन्याहून पिवळं, बोटावर चढवायचा मऊ ब्रश आणि मांजरांचीच पेस्ट, माणसांची नको कारण मांजर थुंकत नाही, सगळं गिळतं. पण आधीच सुजलेल्या तोंडात ब्रश घालू नका, मांजर तुमच्यावर कायमचं बिघडेल आणि बरोबरच आहे त्याचं.

सूज वाढली असेल तर भूल देऊन दात साफ करणं, एक्स-रे, आणि कधीकधी दात काढणं. दाढा काढायच्या म्हटल्यावर मी दोन आठवडे टाळाटाळ केली, वाटलं बिचारा खाणार काय. काढल्या. तिसऱ्या दिवशी पातळ केलेलं खाल्लं, तीन आठवड्यांत परत अंग चाटायला लागला, आणि आता कोरडे दाणेसुद्धा अख्खे गिळतो, मांजरं तशीही फार चावत नाहीत. सगळ्याच मांजरांना दात काढून शंभर टक्के गुण येतो असं नाही, काहींना पुढेही औषध लागतं, पण बऱ्याच जणांना खूप फरक पडतो, आणि नुसती अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घेत राहण्यापेक्षा हा रस्ता लवकर बोलून घ्या. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, तीच आधी कमी आहे, त्यामुळे कधी लागलंच तर ते विचार करून द्यायचं औषध आहे, दर भेटीला टोचायचं नाही.

वजन

बाळांचा वजनकाटा मिळाला तर उत्तम, नाहीतर आधी स्वतः एकटं आणि मग मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं, पण मोठ्या काट्यावर बारीक फरक कळत नाही. आठवड्याला एकदा, त्याच वेळी, वहीत आकडा. पाच किलोच्या बोक्याचं पाव किलो गेलं तर तो पाच टक्के गेला, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो. डोळ्यांना हे दिसत नाही, त्याचा कोट तसाच फुगलेला असतो. बंड्याच्या तोंडाचं दुखणं वहीत दीड महिना आधीच दिसत होतं, मीच बघत नव्हते.

वजनासोबत मी अजून दोन गोष्टी लिहिते. एक, झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास, छाती वर खाली झाली की एक, शांत झोपेत हा आकडा साधारण तीसच्या आत हवा. दुसरी, पाणी आणि लघवी, लिटरमधले गोळे अचानक मोठे व्हायला लागले तर मूत्रपिंड किंवा साखर तपासायची वेळ आली. ताप नाकाला हात लावून कळत नाही, मांजराचं नॉर्मल तापमानच साधारण १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्याला ते गरमच लागणार.

आणि वाट कधी बघायची नाही ते पाठ करून ठेवा. चोवीस तास काही खाल्लं नाही, तोंड उघडं ठेवून धापा टाकतंय, बोका लिटरमध्ये परत परत बसतोय आणि लघवी होत नाहीये, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, अचानक तोल जातोय, डोळा लाल किंवा गढूळ झालाय, यातलं काहीही दिसलं तर फोन त्याच दिवशी, आणि धाप, तुंबलेली लघवी किंवा पांढऱ्या हिरड्या असतील तर फोन करत करतच निघायचं. न खाणारं मांजर नुसतं अशक्त होत नाही, त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते वेगळंच जीवघेणं प्रकरण होतं. घरच्या डब्यातली गोळी तर नकोच नको, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते.

जेवणाचं थोडक्यात. चांगलं, पूर्ण आहार असं लिहिलेलं मांजरांचं अन्न, आणि कच्चं काही नाही. कच्चं मांस, कच्चं अंडं, न उकळलेलं दूध, सगळं बंद, त्यातले साल्मोनेला आणि टॉक्सोप्लाझ्मासारखे जंतू धडधाकट मांजराला पचतील, याला नाही. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी मीही पहिल्या वर्षी तीन आणल्या, तिन्ही बंड्याने हुंगून सोडल्या आणि त्याचं काही बिघडलं नाही.

व्हेटकडे सहा महिन्यांनी एकदा, मांजर ठणठणीत असलं तरी. वजन, तोंड, डोळे, गाठी चाचपून बघणं, आणि वर्षातून निदान एकदा रक्त आणि लघवी. गाठी यासाठी की या मांजरांत लिम्फोमा नावाच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या साधारण पाचपट धरतात. लशी बंद करायच्या नसतात, कुठल्या आणि किती अंतराने ते व्हेट ठरवतील, बरेच जण मारलेल्या विषाणूची लस पसंत करतात, तेवढं विचारून घ्या. नवीन व्हेटकडे गेलात तर दारातच एफआयव्ही सांगा, कारण ग्रिसिओफल्व्हिन नावाचं जुनं फंगसचं औषध या मांजरांच्या बोनमॅरोला दाबू शकतं, नायट्यासाठी दुसरी औषधं आहेत. झिडोव्हुडिन म्हणजे एझेडटी, माणसांचंच एचआयव्हीचं औषध, तोंडाची सूज हटत नसेल किंवा मेंदूची लक्षणं असतील तर काही मांजरांना देतात, पण त्याने रक्त कमी होऊ शकतं म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. तब्येत चांगली असलेल्या मांजराला उगाच सुरू करायचं औषध नाही ते.

साधा खोकला किंवा छोटी जखमसुद्धा लवकर दाखवायची आणि औषधाचा कोर्स व्हेटने सांगितलाय तितके दिवस पुरा करायचा, एवढाच याच्या उपचारात फरक. चावा लागला तर वरून भोक पटकन मिटतं आणि दोन चार दिवसांनी आत गळू फुगतं, तेव्हा झटापट झाली असेल तर अंगभर केस उलटे करून बघा, शेपटीचं मूळ आणि गाल आधी.

पुढे कधीतरी वारंवार सर्दी, न थांबणारा जुलाब, त्वचेवर बरी न होणारी जखम, सतत उतरणारं वजन असं सगळं एकत्र यायला लागलं तर व्हेटशी मोकळेपणाने बोला. त्या टप्प्यावरही दुखणं कमी करता येतं, भूक वाढवायची औषधं असतात, सलाइन घरी देता येतं. किती ताणायचं हे वहीतून कळतं, आठवड्यात चांगले दिवस किती आणि वाईट किती ते मोजा.

आणि चार दिवस गावाला जायचं असेल तर मांजरांच्या बोर्डिंगमध्ये ठेवू नका, तिथे दहा घरची सर्दी असते, कोणालातरी घरी यायला सांगा. आमच्या फ्रिजवर त्यासाठी चिठ्ठी कायम लावलेली आहे, व्हेटचा नंबर, गेल्या आठवड्याचं वजन, सकाळ संध्याकाळचं माप, खाल्लं नाही तर त्याच दिवशी मला फोन, दार उघडताना आधी पाय आडवा घाला, आणि गोळी द्यायची असेल तर बंड्याला मागून उचला, समोरून गेलात तर कपाटामागे जातो आणि मग तासभर निघत नाही.